मॅगझीन बसतं पण गोळी चढत नाही: कानस हातात घ्यायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जो समजला तो आधी सांगतो, चुकलं असेल तर दुरुस्त करा. वडिलांची जुनी ब्रनो .२२ रायफल, आता तुमच्या परवान्यावर आलेली. पाच राउंडचं मूळ मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायचा सुटा डबा, गंजलं म्हणून दुकानातून दुसरं पाचाचं घेतलंत. ते आत जातं पण तळहाताने थापटावं लागतं, टक् आवाज कधी येतो कधी येत नाही, आणि बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा, पुढे लोटला की तो गोळीच्या डोक्यावरून नुसता सरकत जातो, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळीची जागा) रिकामंच. मित्राचं दहा राउंडचं प्लास्टिकचं लावून बघितलं तर गोळी चढते पण मॅगझीन काढताना बोटाची साल निघते. आणि मग जाता जाता एक ओळ टाकलीत, की जुनं मॅगझीनसुद्धा जुलैपासून अडकायला लागलं होतं. विचारलंय काय, तर नवीन मॅगझीन घासून बसवू की रायफलीची मॅगझीन बसायची खाच जरा मोठी करू.

दोन्ही नको. निदान आज तरी नको.

ती जुलैची ओळ तुम्ही सहज लिहिलीत पण माझ्यासाठी सगळ्यात कामाची तीच आहे. तीन वेगळी मॅगझीनं, एक जुनं लोखंडी, एक नवीन लोखंडी, एक प्लास्टिकचं, आणि तिन्ही कमीजास्त अडकतायत, तेही पावसात. तिन्ही एकाच वेळी बिघडतील असं होत नाही हो. म्हणून माझा पहिला संशय मॅगझीनवर नाहीच, लाकडावर आहे, म्हणजे रायफलीचं लोखंड ज्यात बसवलेलं असतं त्या कुंद्यावर. नवीन मॅगझीनमध्ये वेगळा दोष असेलही, तो पुढे सांगतो, पण दोन दुखणी एकात मिसळली की माणूस चुकीच्या जागी कानस लावतो आणि मग तिसरं दुखणं तयार होतं.

माझ्याबद्दल थोडक्यात, म्हणजे किती भरवसा ठेवायचा ते तुम्ही ठरवा. फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, थ्री नॉट थ्री, एसएलआर आणि शेवटी इन्सास या तिन्ही फौजी रायफली हाताखालून गेल्या. रिटायर झाल्यावर गावी आलो आणि इथे सिंधुदुर्गात परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात बसतो. इथे येणारी कामं म्हणजे बहुतेक शेतीरक्षणाच्या परवान्याच्या बाराबोअर, ठासणीच्या, आणि अधूनमधून .२२ नाहीतर .३१५ बोअरच्या रायफली. तुमची रायफल मी हातात घेतलेली नाही, त्यामुळे खाली जे आहे ते 'बहुधा असं असेल, आणि ते असं तपासा' एवढंच समजा. ब्रनोमध्येही वेगवेगळ्या काळातले नमुने आहेत, आणि इतक्या वर्षांत मधे कुणी काय काय बदललंय देव जाणे.

आता मुद्द्याचं. आपण 'मॅगझीन बसतं' म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबतो. एक, डबा खाचेत जाणं. दोन, कॅचवर, म्हणजे मॅगझीन धरून ठेवणाऱ्या खटक्यावर, बरोब्बर उंचीला अडकून राहणं. तीन, बोल्ट पुढे येताना वरची गोळी योग्य कोनात पुढे सोडणं. पहिली जमली म्हणजे दुसरी जमली असं नाही, आणि दुसरी जमली म्हणजे तिसरी जमेल याची तर काहीच खात्री नाही. दुकानात मॅगझीन घेताना आपण बघतो फक्त पहिली. आत गेलं, हललं नाही, द्या बिल.

थ्री नॉट थ्रीचं, म्हणजे .३०३ बोअरच्या ली-एनफिल्ड रायफलीचं, सांगतो म्हणजे लक्षात येईल. सुटं पेटीसारखं मॅगझीन जेम्स पॅरिस ली याने १८७९ मध्ये पेटंट केलं आणि ली-एनफिल्डमध्ये तेच आलं, दहा राउंडचं. लोकांना वाटतं मॅगझीन निघतं म्हणजे ते बदलत राहण्यासाठीच असणार. तसं नव्हतं. ते रायफलीतच राहायचं, वरून पाच-पाच राउंडच्या क्लिपने भरायचं, आणि सुरुवातीच्या रायफलींत तर मॅगझीन हरवू नये म्हणून कडीने बांधलेलं असायचं. मॅगझीनचे ओठ, म्हणजे वरच्या दोन वळलेल्या कडा, ते आर्मरर त्या त्या रायफलीला जुळवून द्यायचा. त्यामुळे एका रायफलीचं मॅगझीन दुसरीत घातलं की कधी लोण्यासारखं चालायचं आणि कधी तिसऱ्या गोळीला हमखास अडकायचं. कारखाना तोच, नमुना तोच, तरीही.

दुसरं उदाहरण एसएलआरच्या घराण्यातलं. मूळची बेल्जियमची एफएएल, मिलिमीटरच्या मापात. इंग्रजांनी तीच घेतली पण नकाशे इंचात करून घेतले. इंचवाल्या मॅगझीनला पुढच्या बाजूला मोठा जाड दात आहे, मिलिमीटरवाल्याला फक्त दाबून काढलेला लहानसा उंचवटा. गंमत अशी की मिलिमीटरचं मॅगझीन इंचाच्या रायफलीत जातं, थोडं डुगडुगतं पण जातं, आणि इंचाचं मिलिमीटरच्या रायफलीत जातच नाही. माझ्या मते जे अजिबात जात नाही ते बरं, निदान फसवत तरी नाही. जे अर्धवट बसतं ते टेबलावर चालतं आणि नेमकं नको तेव्हा खाली पडतं.

बरं, तुमच्या रायफलीकडे येऊ. पहिलं काम, आणि याला पर्याय नाही: मॅगझीन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळीच्या टोकाने चाचपा. खऱ्या गोळ्या त्या खोलीतसुद्धा नकोत, कपाटात कुलपात. तपासणी डमी राउंडवरच, म्हणजे न उडणाऱ्या नकली गोळ्यांवरच, करायची, ड्रिलचे राउंड क्लबात नाहीतर दुरुस्तीवाल्याकडे मिळतात. आणि घरी खऱ्या गोळीचं शिसं उपटून डमी बनवायच्या फंदात अजिबात पडू नका. .२२ मध्ये बाराबोअरसारखी मधोमध टोपी नसते, पेट घेणारं मिश्रण केसच्या, म्हणजे गोळीच्या पितळी नळकांड्याच्या, कडेतच भरलेलं असतं, शिसं आणि दारू काढली तरी ती कड जिवंतच राहते.

आता डमी भरून मॅगझीन लावा. खाली बोट लावून मॅगझीन हलकेच वर दाबून धरा आणि बोल्ट चालवा. दाबून धरल्यावर गोळी चढली आणि सोडल्यावर नाही चढली, तर तुमचं दुखणं उंचीचं आहे, म्हणजे मॅगझीन कॅचवर खाली राहतंय, आणि बोल्टचा खालचा काठ गोळीच्या कडेला पकडतच नाही. दाबूनही तेच झालं तर उंची बरोबर आहे, दोष आतल्या स्प्रिंगचा किंवा ओठांचा. या एका चाचणीत अर्धं काम होतं. तरी दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी ती केलेली नसते, कानस मात्र लावून आलेले असतात.

तुमच्या वर्णनावरून मला तरी उंचीचंच वाटतंय. थापटावं लागणं, टक् न होणं, बोल्ट वरून निघून जाणं, सगळं एका रांगेत बसतं. मग प्रश्न उरतो की ते वर का जात नाहीये. इथे दोन शक्यता आहेत, एकतर नवीन मॅगझीनची कॅचची खाच चुकीच्या उंचीला आहे, किंवा मॅगझीनला वाटेतच कुणीतरी धरून ठेवतंय.

धरून कोण ठेवतंय ते शोधायला आमच्याकडे जुनी युक्ती आहे, काजळी. निरांजनाच्या ज्योतीवर एखादी पितळी वाटी धरा, तिची काजळी बोटावर घ्या आणि मॅगझीनच्या चारी बाजूंना पातळ फासा. सरळ आत घाला, सरळ बाहेर काढा. जिथे काजळी पुसली गेली तिथे घासतंय. आता खाचेत टॉर्च मारून बघा की तिथे समोर काय आहे, लोखंड की लाकूड. लाकडावर काळा डाग उठला असेल तर मॅगझीनवर कानस चालवून तुम्ही चांगल्या वस्तूचा जीव घेणार होतात.

लाकडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ह्यातलं फारसं कुणी सांगत नाही. बाहेर देशाची माहिती वाचून लोक येतात, तिथे कोरडी हवा, तिथे हा त्रास एवढा नसेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर ओला होतो, मीठ वाटीत पाणी सोडतं, दरवाजे चौकटीत अडकतात. मग कुंद्याचं लाकूड काय वेगळं वागणार. लाकूड लांबीत नाही फुगत, आडवं फुगतं, रुंदीत आणि जाडीत. आणि मॅगझीनची खाच बरोबर त्याच दिशेने आवळली जाते. बाहेरून पॉलिश असतं म्हणून आपल्याला वाटतं पाणी शिरणार नाही, पण आतली कोरलेली जागा, जिथे लोखंड बसतं, ती बहुतेक वेळा कोरडं उघडं लाकूड असते. हवा तिथूनच आत जाते.

वेंगुर्ल्याकडचे एक गिऱ्हाईक होते, त्यांची .२२, मूळ कुंदा वाळवीने खाल्ला म्हणून गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा करून घेतलेला. काम बघाल तर देखणं, फणसाचा तो पिवळसर रंग, हात फिरवत राहावासा वाटेल. एप्रिलमध्ये घेऊन गेले, मॅगझीन अलगद जात होतं. ऑगस्टमध्ये परत आले, मॅगझीन आत अडकलेलं आणि काढायला त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावून कॅचच वाकवलेला. कुंदा सोडवून रायफल बाहेर काढली तर तेच मॅगझीन लोखंडात नुसत्या बोटाने जात होतं. म्हणजे दोष शंभर टक्के लाकडाचा. मी काय केलं, काजळीने डाग उठले तेवढ्याच जागी लाकूड बारीक पॉलिश पेपरने घासलं, कागद एका सपाट पट्टीला गुंडाळून, चार हात मारायचे आणि परत बसवून बघायचं. मग त्यांना सांगितलं की आता असंच वापरा आणि पाऊस संपून लाकूड नीट वाळलं की आणून द्या. डिसेंबरात आणली, तेव्हा आतल्या सगळ्या उघड्या लाकडाला पातळ वार्निशचे दोन हात दिले. ओल्या लाकडाला वार्निश मारलं तर ओल आतच कोंडते, म्हणून थांबायचं. पुढच्या पावसात तक्रार आली नाही.

तुम्ही हे असं तपासा. कुंदा खालून स्क्रूंनी धरलेला असतो, ते सोडवा, बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या नाहीतर स्क्रूची खाच खराब होते, आणि कुठला स्क्रू कुठला ते कागदावर लिहून ठेवा. लोखंडी भाग लाकडातून उचला आणि नवीन मॅगझीन नुसत्या लोखंडात घालून बघा. अलगद जाऊन टक् झालं तर तुम्हाला उत्तर मिळालं, आणि एक पैसा खर्च न करता मिळालं. स्वतः खोलायचा धीर होत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, त्याला पाच मिनिटांचं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही.

एक बारकावा अजून. मॅगझीनचा कॅच कुठे आहे ते नीट बघा. काही रायफलींत कॅच वरच्या लोखंडालाच जोडलेला असतो, मग लाकूड फुगलं तरी उंची बदलत नाही, फक्त बाजूने आवळतं. पण काहींत कॅच खालच्या पट्टीला, ट्रिगर गार्डच्या बाजूला असतो, आणि मधे लाकूड. तिथे लाकूड जाड झालं की खालची पट्टी खाली सरकते, पट्टीबरोबर कॅच खाली, कॅचबरोबर मॅगझीन खाली, आणि बोल्ट गोळीच्या डोक्यावरून निघून जातो. उलटंही होतं, कुणीतरी स्क्रू जीव खाऊन आवळतो, लाकूड दबतं, मग मॅगझीन प्रमाणाबाहेर वर जातं आणि बोल्टचं पोट ओठांवर घासायला लागतं. बोल्टच्या खालच्या बाजूला ताजी चमकदार रेघ दिसते का बघा, दिसली तर हे झालंय. स्क्रू घट्ट हवेत, पण मनगटाने, खांद्याने नव्हे.

समजा लाकडातून काढूनही नवीन मॅगझीन वर जात नाही, जुनं मात्र जातं. तर मग दोष नवीन मॅगझीनचा, आणि आता तुलना करायची. जुनं गंजलेलं फेकलं नसेल अशी आशा आहे, ते तुमचं माप आहे. दोन्ही शेजारी ठेवा आणि व्हर्नियरने (बारीक माप घ्यायचं साधन) वरच्या काठापासून कॅचच्या खाचेपर्यंतचं अंतर मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा .२२ ला पुरतो, कारण ती कडच केवढी, केसच्या कडेचा व्यास सात मिलिमीटरच्या जरासा वर आणि केसच्या अंगापासून बाहेर आलेला भाग तर नखाच्या जाडीएवढा. बोल्टला पकडायला जागाच तेवढी आहे.

ब्रनोचं घराणं पुढे सीझेड म्हणून चालू राहिलं आणि सीझेडच्या ४५२, ४५५, ४५७ यांची .२२ एलआरची (लाँग रायफल, म्हणजे नेहमीची .२२ गोळी) मॅगझीनं एकमेकांत चालतात, जुन्या ब्रनोलाही ती बहुतेक बसतात. ही चांगली गोष्ट आहे, म्हणजे मित्राचं प्लास्टिकचं चाललं यात नवल नाही. पण मॅगझीनवर नाव नसेल, कुणा तिसऱ्याच कारखान्याचं असेल, तर 'ब्रनोला बसतं' ह्या दुकानदाराच्या शब्दाला फार वजन देऊ नका. चुकून मॅग्नमचं, म्हणजे लांब आणि जास्त जोराच्या .२२ गोळीचं, दिलं असेल का असा कुणाला प्रश्न पडेल, तर ते नाही, .२२ मॅग्नमची गोळी ३४ मिलिमीटरची आणि आपली एलआर जास्तीत जास्त २५.४, ते मॅगझीन लांबीलाच मोठं, तुमच्या खाचेत गेलंच नसतं.

ओठांचं आणि स्प्रिंगचं तुमच्या बाबतीत कमी संभव आहे पण इतरही वाचतील म्हणून सांगून ठेवतो. मॅगझीन भरून समोरून बघा, वरची गोळी सरळ किंवा नाक किंचित वर असं दिसायला हवं. नाक खाली पडलं असेल तर एकतर स्प्रिंग मेली आहे, नाहीतर साफ करायला उघडलं तेव्हा स्प्रिंग उलटी घातली. दुसरं जास्त वेळा बघितलंय मी. स्प्रिंगची दोन्ही टोकं सारखी नसतात, म्हणून उघडतानाच फोटो काढायचा, आता सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. गोळी नाक फारच वर करून उभी राहत असेल किंवा मॅगझीन उलटं केल्यावर आपोआप गळत असेल तर ओठ फाकलेत. ओठ घरी पक्कडने आवळायचे नाहीत. पातळ पत्रा कडक केलेला असतो, एकदा वाकवला तर चालतो, दोनदा वाकवला की तडा जातो. मी स्वतः शिकाऊ असताना एक ओठ मोडलाय, उस्ताद काही बोलले नाहीत, नुसतं ते मॅगझीन माझ्या टेबलावर महिनाभर ठेवलं.

आता गंज आणि तेल. तुमचं मूळ मॅगझीन गंजलं का, तर बहुधा कव्हरमध्ये राहिलं. रायफल पुसून कपाटात आणि मॅगझीन चामड्याच्या पिशवीत, हे घरोघरी चालतं. चामडं ओल धरतं, आपली हवा खारी, आणखी काय हवं. पावसाळ्यात मॅगझीन पिशवीत नको, पुसून, पातळ तेलाचा हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा, रिकामं. आत तेल ओतायचं नाही. .२२ च्या शिशावर मेणासारखा लेप असतो, तो, तेल आणि धूळ मिळून आत असा चिकट थर तयार होतो की प्लॅटफॉर्म, म्हणजे गोळ्यांना खालून वर ढकलणारी ती पट्टी, अर्ध्यातच थांबते. लक्षण काय, तर पहिल्या दोन गोळ्या छान चढतात आणि तिसरीला बोल्ट रिकामा. लाकडी काडीने पट्टी खाली दाबून सोडा, टणकन वर यायला हवी, रेंगाळत आली तर आधी धुवा.

आणि खोबरेल तेल नको, पाया पडतो. एका शेतकऱ्याने आंबोलीहून डिसेंबरात मॅगझीन आणलं, म्हणाला सकाळी चालत नाही आणि दुपारी चालतं, भूतबाधा झाली काय. मी दोन दिवस डोकं खाजवलं, माझ्या दुकानात तर ते नीट चालत होतं. शेवटी विचारलं तेल कुठलं घालता, तर म्हणे घरच्या घाण्याचं. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली गोठतं हो. आंबोलीच्या थंडीत रात्रभर पट्टी तुपात रोवल्यासारखी बसायची आणि ऊन आलं की सुटायची.

अजून एक कोकणी, खरं तर महाराष्ट्रभरचं कारण सांगतो जे पुस्तकात सापडायचं नाही. निवडणूक आली की बऱ्याच जणांना परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात. एका वर्षी जमा केलेली हत्यारं परत मिळाल्यावर आठ दिवसांत तीन जण माझ्याकडे आले, तिघांची .२२, तिघांचं मॅगझीन 'अचानक' बिघडलेलं. तिन्ही टेबलावर ठेवली, मॅगझीनं एकमेकांत अदलाबदल करून घातली आणि तिन्ही चालायला लागली. जमा करताना मॅगझीनं काढून एकाच पिशवीत गेली होती, एवढंच. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की मॅगझीनच्या बुडाला बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका लावा, तुमचा रंग तुम्हाला माहीत, आणि पावतीवर 'मॅगझीन नग इतके' असं लिहून घ्या. पंच मारून नंबर वगैरे काही ठोकू नका. तुम्ही वडिलांचं म्हणून जे 'मूळ' समजताय ते मूळच आहे का, हेही ह्या निमित्ताने एकदा बघून घ्या.

.३१५ वाल्यांसाठी दोन ओळी, कारण तोच प्रश्न त्यांच्याकडूनही येतो. इशापूरची .३१५ ही एनफिल्डच्याच अंगाची, म्हणून कुणीतरी सांगतं की थ्री नॉट थ्रीचं दहाचं मॅगझीन आणून लाव. .३०३ चं केस ५६ मिलिमीटर, .३१५ चं ५०, खांद्याची जागा वेगळी, आणि दोन्ही कडवाल्या गोळ्या. कडवाल्या गोळ्यांत वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढेच हवी, मागे गेली की दोन्ही एकमेकींत अडकतात आणि बोल्ट कितीही लोटा, हलत नाही. दुसऱ्या गोळीसाठी बनवलेल्या डब्यात हे जास्त होतं. शिवाय .३०३ हे साध्या परवान्यात न येणारं फौजी बोअर, त्याचे सुटे भाग घरात कशाला हवेत.

त्यावरून आठवलं. आपल्या शस्त्र कायद्यात, १९५९ च्या, 'शस्त्र' या शब्दातच त्याचे भागही येतात. त्यामुळे मॅगझीन परवानाधारक डीलरकडूनच, बिलासकट, आणि मित्राचं मॅगझीन कायमचं आपल्याकडे ठेवायचं नाही, चाचणी त्याच्या समोर करा आणि परत द्या. दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्याकडेच. खाच मोठी करायचा विचार तर सोडूनच द्या. मॅगझीन बिघडवलं तर दुसरं मिळेल, रायफलीचं अंग एकदा घासलं की ते भरून येत नाही आणि मग कुठलंच मॅगझीन नीट बसत नाही. आणि तुम्ही बागेत डुकरांचा त्रास लिहिलाय म्हणून सांगतो, .२२ डुकरासाठी नाहीच, जखमी होऊन जाळीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी कुणा काजू वेचणाऱ्या बाईच्या अंगावर येतं. शिवाय त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.

तर तुम्ही ह्या क्रमाने जा: आधी डमी आणि खालून बोट दाबून चाचणी, मग काजळी, मग लाकडातून काढून नुसत्या लोखंडात तिन्ही मॅगझीनं एकेक करून. तिन्ही लोखंडात अलगद गेली तर पॉलिश पेपर लाकडाला, आणि दिवाळीनंतर वार्निश. फक्त नवीनच अडलं तर व्हर्नियरचं माप लिहून घ्या आणि ते मॅगझीन बिलासकट दुकानात परत न्या. अजून त्याला कानस लावलेली नाही ना, मग बदलून मिळेल, घासलेलं कुणी परत घेत नाही.